भरलेली गाडी शिकवायची कोणी?
गोव्यातील ट्रकमालकांना आणि वाहतूक खात्याला खुले पत्र

प्रति,
राज्यातील ट्रकमालक, टिप्परमालक, ट्रान्सपोर्ट कंत्राटदार
आणि वाहतूक खात्याचे अधिकारी

स. न. वि. वि.

उसगावच्या तिस्कावर, सावर्डे-कुडचड्याच्या रस्त्यावर, वेर्णा वसाहतीच्या गेटबाहेर, कुठेही घटकाभर उभे राहा. मालकांच्या तोंडी दोन वाक्ये हमखास असतात. पहिले, "ड्रायव्हर मिळत नाहीत." दुसरे, "नवीन पाठवू नको, पाच वर्षे चालवलेला बघ." कधी कधी ही दोन्ही वाक्ये एकाच फोनवर, एकाच माणसाकडून येतात. पहिल्या वाक्यावर भाषणे झाली, बातम्या आल्या. दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

लिहिणारे आम्ही हेवी, म्हणजे जड वाहन, शिकवणारे आणि चालवणारे आहोत. यात आमचा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो. आम्ही शिकवलेला मुलगा परवाना खिशात घेऊन सहा महिने फिरतो आणि शेवटी कुरिअरच्या दुचाकीवर बसतो, तेव्हा आमचे शिकवणे वाया जाते. दुसरा स्वार्थ जिवाचा आहे. हंगामाच्या घाईत तुमचा नेहमीचा चालक रजेवर गेला की हाच 'नवीन नको' असलेला मुलगा, कोणी शेजारी न बसता, भरलेली गाडी घेऊन अनमोड घाट उतरत असतो. त्याच्या पुढे किंवा मागे आमची गाडी असते.

आधी कायदा काय मागतो ते पाहू. हलक्या वाहनाचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. तो वर्षभर हातात असल्याशिवाय ट्रान्सपोर्ट वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही, आणि ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वयाची २० वर्षे पूर्ण लागतात. पुढे ड्रायव्हिंग स्कूलमधले जड वाहनाचे प्रशिक्षण, किमान ३० दिवस आणि त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान १५ तास. प्रशिक्षण पूर्ण केल्याचा फॉर्म ५ चा दाखला, फॉर्म १-अ वर डॉक्टरची सही, मग चाचणी. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राची नवी पायरी आणली. तिथे जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, त्यातले २२ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. पण अशा केंद्राला २ एकर जागा लागते, आणि गोव्यात २ एकर सपाट जागेचा भाव काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

म्हणजे १५ तास धरा, फार तर २२. हे सगळे तास रिकाम्या गाडीवर जातात. शाळेची गाडी जुनी सहाचाकी, मागे हौदा मोकळा. चाचणीही रिकाम्या गाडीची. पुढे न्या, मागे घ्या, वळवा, चढावर थांबवून पुन्हा सोडा. पास.

रिकामी सहाचाकी साधारण ६ ते ७ टन भरते. २०१८ मध्ये अक्षभाराची (प्रत्येक आसावर चालणाऱ्या वजनाची) मर्यादा वाढवल्यावर त्याच गाडीचे कायदेशीर एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेले. तोच उतार, तोच वेग. पण ब्रेक आणि इंजिनने मिळून जिरवायची उष्णता वजनाच्या हिशेबाने जवळपास तिप्पट. ज्या गाडीची परीक्षा झाली ती गाडी आणि ज्या गाडीची नोकरी आहे ती गाडी, दोन्हींची आरसी एकच असेल, पण चालवणाऱ्याच्या पायाखाली त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. इथवर तुमची भीती आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. नवा मुलगा भरलेल्या गाडीला तयार नसतो. आमचे भांडण पुढच्या प्रश्नावरून आहे: त्याला तयार करायचे कोणी?

पूर्वी याचे उत्तर तुमच्याच केबिनमध्ये बसलेले असायचे. क्लीनर. तो सकाळी काच पुसायचा, टायर ठोकून बघायचा, ताडपत्री बांधायचा, मागे उभा राहून गाडी घ्यायला लावायचा. वर्षभराने खाणीच्या प्लॉटवर गाडी दोन हात हलवायचा. मग परतीच्या रिकाम्या खेपेला स्टेअरिंग, मग सपाटीवर भरलेली गाडी, आणि सगळ्यात शेवटी घाट. या शाळेला ना दाखला होता ना वेळापत्रक. परवान्याआधीच स्टेअरिंग देणे कायद्यात बसणारे नव्हते, तेही खरे. शिव्या आणि चापट्या भरपूर होत्या, त्या परत याव्यात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण क्रम बरोबर होता. पुढे २०१२ च्या सप्टेंबरमध्ये खाणी थांबल्या, नंतर काही काळ चालल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणात गंजले, क्लीनर घरी गेले. लिलावानंतर २०२४ पासून एकेक खाण सुरू होऊ लागली, खेपा परत आल्या, पण क्लीनरची सीट बहुतेक गाड्यांत रिकामीच राहिली. एका माणसाचा पगार वाचला. मालकांनो, तुम्ही शाळा बंद केलीत आणि आता पास झालेली मुले मागता आहात.

आता तुमच्या 'पाच वर्षे अनुभव' या अटीकडे येऊ. हा अनुभव तुम्ही मोजता कशाने? चालकाचा पगार रोखीत, हजेरी वहीत, आणि वही मालकाच्या ड्रॉवरमध्ये. बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) गाडीचा नंबर असतो. ई-वे बिलाच्या, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीत काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन कागदाच्या, भाग 'ब' मध्येही गाडीचाच नंबर असतो. वजनकाट्याच्या पावतीवरही तोच. चालकाने कुठला माल, कुठल्या घाटातून, किती दिवस नेला, हे दाखवणारा एकही कागद त्याच्या स्वतःच्या हातात नसतो. मग उरते काय, तर परवान्यावरची तारीख. ज्याने २०१९ मध्ये हेवी काढून ठेवला आणि त्यानंतर कधी स्टेअरिंगला हात लावला नाही, तो तुमच्या हिशेबाने जुना चालक. ज्याने गेल्या वर्षी परवाना काढून आठ महिने रोज पिसुर्ल्याच्या खाणपट्ट्यात टिप्पर चालवला, तो नवीन. ही अट अनुभव तपासत नाही, परवाना किती जुना झाला तेवढेच पाहते.

दुसरे कारण हमखास सांगितले जाते ते विम्याचे. "नवीन पोराला गाडी दिली तर इन्शुरन्सवाले क्लेम देत नाहीत." कृपा करून घरी जाऊन पॉलिसी काढा आणि त्यातला 'ड्रायव्हर्स क्लॉज' वाचा. चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी त्या वर्गाच्या वाहनाचा वैध परवाना असावा आणि तो चालवण्यास अपात्र ठरवलेला नसावा, एवढेच तिथे छापलेले असते. अनुभवाची वर्षे त्यात नसतात. धोकादायक माल हा अपवाद. वास्को-सांकवाळच्या टाक्यांवरून इंधन भरणाऱ्या टँकरला चालकाचे ३ दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते, आणि तेल कंपन्यांची कंत्राटे त्याहून जास्त मागतात. ते योग्यच आहे. टँकर हे पहिल्या नोकरीचे काम नव्हे. पण चिऱ्याच्या, वाळूच्या, सिमेंटच्या गाडीला टँकरची अट लावायचे कारण नाही.

विम्याच्या बाजूने खरोखर बघायचे असेल तर दोन गोष्टी बघा. शेजारी शिकाऊ माणूस बसवणार असाल तर आरसीवर बसण्याची क्षमता २ आहे की ३, आणि पॉलिसीत पगारी ड्रायव्हर-क्लीनरच्या जबाबदारीचे कलम घेतले आहे की नाही. त्या कलमाचा हप्ता इतका किरकोळ असतो की तो वाचवण्यात काही अर्थ नाही.

भरलेली गाडी शिकवणे म्हणजे नेमके काय, हे आता जरा सविस्तर सांगतो. 'अनुभव' हा शब्द फार मोघम आहे. तो उलगडला की त्यातले बहुतेक काम दोन महिन्यांत शिकवता येण्यासारखे आहे, हे तुमच्याही लक्षात येईल.

घाटापासून सुरुवात करू. अनमोड उतरताना नवा मुलगा करतो ती चूक ठरलेली असते. वर मोठ्या गिअरमध्ये निघतो, वेग वाढला की ब्रेक दाबतो आणि पाय तसाच ठेवतो. चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो आणि तापला की फैलावतो. त्याला घासून चाक थांबवणारा लायनर त्याच्यापर्यंत पोहोचायला जास्त अंतर जातो आणि तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. जळका वास यायला लागतो. आता त्याला खालचा गिअर हवा असतो, पण वेग एवढा वाढलेला असतो की गिअर बसत नाही, गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये अडकतो. तिथून पुढे जे होते ते पेपरात 'ब्रेक निकामी झाल्याने' या शब्दांत छापून येते. ब्रेक निकामी झालेला नसतो, तापवून संपवलेला असतो.

शिकवायचे ते असे. ज्या गिअरमध्ये ही भरलेली गाडी हा घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरायचे, आणि तो गिअर उताराच्या आधी, सपाटीवर टाकायचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा) सुरुवातीपासून चालू. पायाचा ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वेग ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की एकदा ठाम दाबून ताशी आठ-दहा किलोमीटर खाली आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे ड्रमला वारा लागतो. पंप मारल्यासारखा पुन्हा पुन्हा ब्रेक मारायचा नाही. हा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा जाते आणि कॉम्प्रेसर ती त्याच वेगाने भरून काढू शकत नाही. एक डोळा एअर गेजवर. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरायचे नाही. हे वाक्य मुलांना सांगावे लागते, कारण न्यूट्रल मारणे ही हुशारी आहे असे त्यांना कोणीतरी जुन्यानेच सांगितलेले असते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही अरुंद वळणावर बसूनच पटतो, पुस्तकात वाचून नाही.

हे सगळे शिकवायला घाटाच्या किती फेऱ्या लागतात? आमच्या मते आधी चढाच्या चार, मग उताराच्या सहा ते आठ, शेजारी जुना माणूस असताना. त्यातली निदान एक पावसात आणि एक रात्री. मोले-अनमोड जमले की करमलचा घाट त्याला जड जात नाही.

सकाळची तपासणी ही दुसरी गोष्ट. गोव्याच्या दमट हवेत एअर टाकीत पाणी साचते. रोज ड्रेन कॉक उघडून ते सोडायचे, नाहीतर व्हॉल्व्ह गंजतात आणि पावसाळ्यात ऐन वेळी हवा धरत नाहीत. इंजिन चालू करून गेज ७-८ बारवर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मग इंजिन बंद, ब्रेक दाबून धरायचा आणि काटा उतरतो का ते बघायचे, कुठे सुस्कारा येतो का ते ऐकायचे. स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर राखणारा भाग) सैल असला तर एका चाकाचा ब्रेक उशिरा लागतो आणि गाडी बाजूला ओढते. मागच्या जोडटायरांच्या मध्ये अडकलेला दगड रॉडने काढायचा. तो मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडतो. जोडीतला आतला टायर बसला असेल तर वरून दिसत नाही, ठोकल्यावर आवाजावरून कळतो. चाक बदलले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे. नव्या बीएस-६ गाड्यांना डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रावण) लागते. ते संपत आले की दिवा लागतो, दुर्लक्ष केले की गाडी स्वतःच ताकद कमी करते, आणि नेमके ते घाटाच्या मध्यावर घडते. त्यात पाणी मिसळणारे महाभागही आम्हाला माहीत आहेत. अख्खी यंत्रणा बदलायची वेळ येते.

टिप्परचे वेगळे. हौदा उचलण्याआधी वर वीजवाहिनी आहे का बघायचे, जमीन दोन्ही बाजूंनी सारखी आणि टणक आहे का बघायचे. भरावाच्या मऊ कडेवर मागचे एक चाक रुतले आणि हौदा वर असला की गाडी आडवी होते. माल ओला असला तर तो खाली न घसरता वरच चिकटून राहतो आणि सगळे वजन उंचावर येते. तेव्हा पुढे-मागे झटके देऊन पाडायचा नाही, हौदा खाली घेऊन माल सैल करायचा. हौद्याच्या मागच्या फळीची कडी सुटली आहे का ते उचलण्याआधी पाहायचे. आणि हौदा पूर्ण बसून पीटीओ (हौदा उचलायला इंजिनची ताकद देणारी जोडणी) सुटल्याशिवाय एक फूटही पुढे जायचे नाही. या पाच-सहा गोष्टी शिकवायला एक आठवडा पुरतो. पहिल्या पावसात खाणपट्ट्यातल्या रस्त्यावर लाल चिखलाचा जो थर होतो, त्यावर भरलेला टिप्पर कसा वागतो, ते मात्र जूनमध्येच कळते.

मागे घेणे, वळणे, ही शाळेत थोडीफार होतात. पण शाळेची गाडी आखूड असते. लांब गाडी डावीकडे वळताना मागची चाके आत कापतात आणि आपल्या रस्त्यांवर त्या आतल्या कोपऱ्यात दुचाकी उभी असते. कुंडईत किंवा वेर्ण्यात मालाच्या धक्क्याला गाडी लावताना मागचा माणूस आरशातून दिसेनासा झाला की थांबायचे, "येऊ दे, येऊ दे" एवढे ऐकून घ्यायचे नाही.

कागद हा भाग मालकांना क्षुल्लक वाटतो, पण नव्या मुलाचा पहिला दंड यातच होतो. आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, बिल्टी, ई-वे बिल. ई-वे बिलाची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. गाडी बिघडून दुसऱ्या गाडीत माल भरला तर भाग 'ब' मध्ये नवा नंबर चढवावा लागतो; मुदत संपत असेल तर संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच वाढवता येते. राज्याच्या हद्दीवर पत्रादेवीला किंवा पोळ्याला अडवल्यावर हे शिकणे महाग पडते. जादा भाराचे तसेच. दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. गाडी काट्यावर न्यायला नकार दिला तर ४० हजार. जादा माल भरणारा कोणीतरी वेगळाच असतो, अडवला जातो चालक. "काट्याची पावती बघितल्याशिवाय निघणार नाही" असे म्हणण्याचा अधिकार नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून द्या. तो तुमच्याच पैशांचे रक्षण करतो आहे.

आता आमच्या तक्रारी, ज्या तुम्हाला आवडणार नाहीत.

डिझेलची कापणी. तुम्ही गाडीला लिटरमागे ४ किलोमीटर अशी सरासरी बांधून देता. ४०० किलोमीटरच्या फेरीला १०० लिटर. नव्या हातावर, घाटात, तीच गाडी ३.६ देते, म्हणजे १११ लिटर. वरच्या ११ लिटरचे पैसे त्याच्या भत्त्यातून जातात. हे कळल्यावर तो मुलगा काय करतो? घाटात न्यूट्रल मारतो. ब्रेक जाळायला शिकवणारी ही कापणी आहे. निदान पहिले तीन महिने ती बंद ठेवा. फुटलेल्या टायरची, घासलेल्या बंपरची कापणीही अशीच न विचारता होते. कामगाराला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय नुकसानीची वसुली करता येत नाही, हे वेतनाच्या कायद्यात कधीपासून लिहिलेले आहे.

मूळ परवाना ठेवून घेणे. कामावर घेताना परवाना 'ऑफिसात राहू दे' म्हणून घेतला जातो आणि मुलगा सोडून जाऊ म्हणाला की सापडत नाही. परवाना हे तारण नाही. पडताळणी करायची तर परवान्यांच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर नंबर आणि जन्मतारीख टाकून दोन मिनिटांत होते.

फुकट शिकाऊगिरी. "सहा महिने ये-जा कर, जेवण देतो, मग बघू." त्या सहा महिन्यांत तो माल चढवतो, ताडपत्री बांधतो, रात्री गाडी राखतो. हे काम आहे आणि कामाचा पगार असतो. आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून कागदावर आहे, तोही या मुलांना कोणी सांगत नाही.

वाहतूक खात्याबद्दल एकच तक्रार, पण मोठी. परवाना दिल्यावर खात्याचा या मुलाशी संबंध पुन्हा येतो तो ५ वर्षांनी नूतनीकरणाला, नाहीतर अपघात झाल्यावर. मधल्या काळात तो काय चालवतो, कोणाकडून शिकतो, कोणी विचारत नाही.

आमचे मागणे असे आहे.

मालक संघटनांनी 'दुसरी सीट' पुन्हा सुरू करावी: ६० दिवस, पगारी, किमान वेतनापेक्षा कमी नाही. पहिले १० दिवस स्टेअरिंग नाही, तपासणी, बांधणी, काटा, कागद, मागे उभे राहणे. पुढचे १५ दिवस परतीची रिकामी गाडी, मिळून २५ तास. मग २० दिवस सपाटीवर भरलेली गाडी, ४० तास. शेवटचे १५ दिवस घाट, २० तास, आधी चढ मग उतार. मुलाकडे पूर्ण परवाना असल्यामुळे यात कायद्याची काही आडकाठी नाही. शेजारी बसणाऱ्या जुन्या चालकाला रोज वेगळा भत्ता द्या. तो दिला नाही तर तो शिकवणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. एकदोन गाड्यांच्या मालकाला हे एकट्याला झेपणार नाही, म्हणूनच संघटनांना लिहितो आहोत. केंद्राच्या शिकाऊ उमेदवार योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार उचलते. संघटनेने दहा-वीस मालकांची मिळून नोंदणी केली तर तोही आधार मिळेल. सुरुवात ऑक्टोबरात करा, जूनमध्ये नको.

छोट्या गाड्यांच्या मालकांना वेगळी विनंती. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. टेम्पो आणि पिकअप हीच हेवी चालकाची पहिली इयत्ता. हेवी परवाना काढलेल्या मुलाला "हा आमच्याकडे टिकणार नाही" म्हणून परत पाठवू नका. वर्षभर टिकला तरी त्या वर्षाचा दाखला त्याला लिहून द्या.

खात्याकडे तीन गोष्टी मागतो. एक, जड वाहनाच्या चाचणीची गाडी निदान अर्धी भरलेली असावी. वाळूच्या गोणी पुरतात. दोन, चालकाच्या कामाची नोंदवही खात्याने छापावी आणि मालकाच्या सहीने ती ग्राह्य धरावी. तीन, खनिज वाहतुकीच्या प्रत्येक ट्रकची नोंदणी आणि जीपीएस आधीच सक्तीचे आहे; प्रत्येक खेप आज नोंदवली जातेच. खाण खात्याशी बोलून त्या नोंदीत चालकाच्या परवाना क्रमांकाचा एक रकाना वाढवून घ्या. वर्षाअखेरीस खाणपट्ट्यातल्या प्रत्येक चालकाच्या खेपा आपोआप कागदावर येतील आणि अनुभवासाठी कोणाच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही.

आणि जाहिरातीत 'पाच वर्षे अनुभव' लिहिण्याऐवजी काम लिहा. 'दहाचाकी, सिमेंट, महिन्याला आठ फेऱ्या, अनमोडमार्गे, रात्रीचे काम आहे.' ज्याला जमत नाही तो येणारच नाही. जो येईल त्याला अर्धा तास भरलेल्या गाडीवर शेजारी बसून बघा. पात्रांव, तुमच्यातले निम्मे जण स्वतः चालक होते. अर्ध्या तासात तुम्हाला जे कळेल ते परवान्यावरच्या तारखेवरून कळणार नाही.

नोंदवहीचा मसुदा आम्ही केला आहे. एका दिवसाला एक ओळ, नऊ रकाने: तारीख, गाडी क्रमांक, चाके, माल, काट्यावरचे वजन, कुठून कुठे, स्टेअरिंगवरचे तास, घाट की सपाट, शेजारच्या चालकाची सही. साध्या शाळेच्या वहीत आखता येतो. संघटनांनी आणि खात्याने त्यात हवे ते बदल सुचवावेत. तोवर आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात आम्ही ही वही देत आहोत. तो तुमच्या दारात ती घेऊन आला तर संध्याकाळी गाडी लावल्यावर त्या दिवसाच्या ओळीवर सही करा.

आपले,
जड वाहन शिकवणारे आणि चालवणारे
फोंडा, उसगाव, सावर्डे, डिचोली